देवडी कोणाची?

जयपूरच्या हवामहलासमोरून जाणाऱ्या रस्त्याचे नाव ‘सिरेह ड्योढी बाजार’ असे आहे. या नावातील ‘ड्योढी’ मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या जुन्या वाड्यांची देवडी ती हीच. थोरल्या दरवाजातून आत शिरताना पहारेकऱ्यांच्या बसण्याची जी जागा लागते, जेथे आलेल्या माणसाला थांबवून ‘कोण, कोठून, कशासाठी’ असे विचारले जाते, ती देवडी. आजच्या कार्यालयीन इमारतीत तिलाच लॉबी म्हणतात. नाव बदलले, जमिनीवर संगमरवर आला, पहारेकऱ्याच्या अंगावर ठेकेदाराचा गणवेश चढला. पण त्या जागेचे काम बदललेले नाही. कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणाला बाहेर ठेवावयाचे याचा निर्णय तेथेच होतो. एखाद्या समाजात सत्ता कोणाची आहे हे जाणून घ्यावयाचे असेल तर त्याच्या दिवाणखान्याआधी त्याची देवडी पाहावी.

आज देशभर जुन्या कचेऱ्यांच्या देवड्या दुकानांसाठी मोकळ्या केल्या जात आहेत. या व्यवहाराला सरकारी कागदांत आणि वास्तुविशारदांच्या परिभाषेत मोठी गोंडस नावे मिळाली आहेत: वारशाचे पुनरुज्जीवन, अनुकूल पुनर्वापर, परिसराचे सौंदर्यीकरण. अनुवादाचे काम करणाऱ्याला अशा शब्दांशी रोज झटापट करावी लागते. ‘पुनर्वापर’ हा शब्द लिहून झाला की लेखणी थबकते, कारण वाक्यात क्रियापद असते, कर्म असते, पण कर्ता नसतो. वापर कोण करणार आहे? आणि आजवर जो वापर करीत होता, त्याचे काय झाले? जयपूरच्या एका इमारतीच्या निमित्ताने हा हरवलेला कर्ता शोधण्याचा येथे प्रयत्न करावयाचा आहे.

एका वास्तूची तीन रूपे

हवामहलापासून काही पावलांवर सवाई मानसिंह टाऊन हॉल उभा आहे. जयपूरचे लोक त्याला आजही ‘जुनी विधानसभा’ म्हणूनच ओळखतात. संस्थानच्या काळात या वास्तूला ‘नया महल’ असे नाव होते. १८८३ मध्ये डॉ. थॉमस हेंडली यांच्या पुढाकाराने कलाकौशल्याच्या वस्तूंचे जे ‘जयपूर प्रदर्शन’ भरले, ते याच नया महलात. याच प्रयत्नातून पुढे १८८७ मध्ये अल्बर्ट हॉल हे संग्रहालय लोकांना खुले झाले. गमतीची गोष्ट अशी की अल्बर्ट हॉल हा मुळात नगरभवन व्हावा अशी सवाई रामसिंहांची इच्छा होती. तो संग्रहालय झाला. आणि जेथे प्रदर्शन भरले होते तो महाल पुढे नगरभवन म्हणून ओळखला जाऊ लागला. तेव्हा वास्तूंचा उपयोग बदलतो, बदलला पाहिजे, याविषयी आमचा वाद नाही. जयपूर शहराने तो बदल अनेकदा पाहिला आहे.

परंतु या वास्तूच्या आयुष्यातील सर्वांत मोठा बदल १९५२ साली घडला. देशातील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर १६० सदस्यांची राजस्थान विधानसभा २९ मार्च १९५२ रोजी या सभागृहात भरली. ज्या मुलखात शतकानुशतके शब्द चालला तो राजाचा, ठाकुराचा आणि जागीरदाराचा, त्या मुलखातील जनतेने मतदान करून निवडलेली माणसे राजाच्या महालात जाऊन बसली. प्रतिनिधींमध्ये जमीनदारांचा भरणा नव्हता असे नाही. तो मोठाच होता. तरीही १९५५ चा राजस्थान कूळकायदा या विधानसभेने केला, आणि जमीन कसणाऱ्याच्या खातेदारी हक्काची भाषा प्रथमच या राज्याच्या कायद्यात उमटली. पंचायत समित्या आणि जिल्हा परिषदांचा १९५९ चा कायदाही तिचाच. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला नागौर येथे पंचायत राज्याचा प्रारंभ झाला. महालाच्या भिंती त्याच होत्या, पण देवडीवरचा प्रश्न बदलला होता. पूर्वी तेथे विचारले जाई, ‘तू कोणाचा माणूस?’ आता विचारले जाऊ लागले, ‘तुझे काम काय?’

हा फरक थोडा नव्हे. वर्ध्याचे जमनालाल बजाज मूळचे सीकरकडील. स्वतः मोठे भांडवलदार, गांधीजींचे निकटवर्ती, काँग्रेसचे खजिनदार. जयपूर प्रजामंडळाचे नेतृत्व त्यांनी पत्करले तेव्हा दरबाराने त्यांनाही संस्थानात येण्यास बंदी केली आणि ती मोडल्याबद्दल १९३९ मध्ये त्यांना अटकेत टाकले. एवढ्या मोठ्या धनिकाची ही अवस्था, तर शेखावाटीतील कुळांची काय कथा? लागबाग आणि वेठीविरुद्ध त्यांनी मान वर केली तेव्हा १९३५ मध्ये कूदन गावी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या पुढच्या पिढीला १९५२ नंतर या देवडीतून आत जाण्याचा हक्क मिळाला. मिळालेला हक्क अपुरा होता, कारकुनांच्या आणि दलालांच्या कचाट्यात सापडलेला होता, हे आम्ही नाकारीत नाही. सरकारी कचेरीच्या ओट्यावर अर्ज हातात धरून दिवस घालवणाऱ्या माणसाला तो हक्क किती तुटपुंजा आहे हे कोणी सांगावयास नको. तरी तो हक्क होता, मेहेरबानी नव्हती.

नव्या शतकाच्या आरंभी विधानसभा ज्योतीनगरच्या नव्या इमारतीत गेली. जुने सभागृह रिकामे झाले आणि प्रश्न उभा राहिला: आता ही देवडी कोणाची?

दोन दावेदार

या प्रश्नाची दोन उत्तरे न्यायालयासमोर आली आहेत. पहिले उत्तर माजी राजघराण्याचे. १९४९ मध्ये जयपूर संस्थान राजस्थानात सामील होताना झालेल्या करारनाम्यानुसार ही मालमत्ता सरकारला केवळ शासकीय कामासाठी वापरावयास दिली होती. तो वापर संपला, तेव्हा ती आम्हाला परत मिळाली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. २०२२ मध्ये राज्य सरकारने येथे संग्रहालय करण्याचे ठरविले तेव्हा हा वाद पेटला. टाऊन हॉलबरोबरच आसपासच्या काही जुन्या सरकारी कार्यालयांच्या जागाही त्यात आहेत. दुसरे उत्तर राज्य सरकारचे: संविधानाच्या अनुच्छेद ३६३ नुसार संस्थानिकांनी संविधानापूर्वी केलेल्या करारांतून उद्भवणारे तंटे न्यायालयांच्या कक्षेबाहेर आहेत. १७ एप्रिल २०२५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे उचलून धरले. घराण्याचे सदस्य सर्वोच्च न्यायालयात गेले. २ जून २०२५ रोजी त्या न्यायालयाने नोटीस काढली.

अपील करणाऱ्यांपैकी एक सदस्या डिसेंबर २०२३ मध्ये त्याच राज्याच्या उपमुख्यमंत्री झाल्या. कोणाही नागरिकास न्यायालयात जाण्याचा अधिकार आहे आणि तो त्यांनाही आहे. त्यात कायद्याने काही वावगे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु वादी आणि प्रतिवादी या दोन्ही पक्षांच्या बाजूला एकाच सत्तेची सावली पडावी, ही आपल्या लोकशाहीची स्थिती विचार करण्याजोगी आहे. सरंजामशाही कायद्याने गेली. सत्तेच्या दालनातून ती पुरती गेलेली नाही.

करारनाम्यातील कलमांचा अर्थ न्यायाधीश लावतील. आम्हाला इतिहासाचा एक साधा हिशेब मांडावयाचा आहे. १९४९ चे करार दोन समान पक्षांतील खरेदीखते नव्हती. देशभर उसळलेल्या जनआंदोलनांपुढे संस्थानांचा टिकाव लागेनासा झाला तेव्हा सत्ताधारी वर्गांनी राजांशी केलेली ती तडजोड होती. तिची किंमत जनतेने भरली. एकट्या जयपूरच्या महाराजांचा तनखा सालीना १८ लाख रुपये ठरला होता. पुढे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे आणि संस्थानिकांची मान्यता रद्द झाली. डाव्या पक्षांनी या मागणीसाठी वर्षानुवर्षे आवाज उठविला होता, हे जुन्या वाचकांना स्मरत असेल. तनखा गेला, पण मालमत्तांच्या याद्या राहिल्या. आणि पर्यटनाच्या बाजारात त्या याद्यांतील एकेका दगडाला आज असा भाव आला आहे की तनखा त्यापुढे चिल्लर वाटावा.

म्हणूनच सरकारचे उत्तर ऐकूनही आमचे समाधान होत नाही. सरकारने जिंकलेली मालमत्ता जनतेची राहील याची हमी कोणी द्यावी?

नफ्याची वहिवाट

जयपूरचाच अनुभव पाहू. रामबाग महाल हे १९४९ पासून राजप्रमुखांचे, म्हणजे राज्याच्या घटनात्मक प्रमुखांचे निवासस्थान होते. १९५६ मध्ये राजप्रमुखपद रद्द झाले आणि १९५७ मध्ये त्या महालात हॉटेल सुरू झाले. १९७२ पासून त्याचा कारभार ताज हॉटेलांच्या कंपनीकडे गेला. राज्यप्रमुखाच्या दाराशी निदान निवेदन घेऊन जाता येते. तारांकित हॉटेलच्या दाराशी नगरातला सामान्य माणूस निवेदन घेऊनही जाऊ शकत नाही, तहान लागली म्हणूनही जाऊ शकत नाही.

मुंबईच्या वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल. कोटातील हॉर्निमन सर्कलभोवतीच्या कमानदार इमारती एकोणिसाव्या शतकातल्या. बँका, विमा कंपन्या, दलालांच्या पेढ्या यांचा हा परिसर. तेथील एल्फिन्स्टन बिल्डिंगच्या तळमजल्यावर १९ ऑक्टोबर २०१२ रोजी टाटा आणि अमेरिकेची स्टारबक्स कंपनी यांच्या भागीदारीतील देशातले पहिले कॉफीचे दुकान उघडले. हुतात्मा चौकात, संयुक्त महाराष्ट्रासाठी जेथे रक्त सांडले त्या जागेसमोर, शतकभर जुन्या इस्माईल बिल्डिंगमध्ये २०१७ साली झारा या स्पॅनिश कंपनीने आपले कापडदालन थाटले. दुरुस्ती चांगली झाली, दर्शनी भाग उजळला, असे त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले. आणि ते खोटेही नव्हते. पण २०२५ मध्ये ती कंपनी तेथून निघून गेली आणि ती जागा तशाच महागड्या कपड्यांच्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेली. शंभर वर्षांच्या इमारतीशी या मंडळींचे नाते आठ वर्षांचे! वारसा त्यांच्या लेखी दुकानाची पाटी अधिक उठून दिसावी म्हणून लागणारी मागची भिंत असते. भाड्याचा हिशेब जुळेनासा झाला की पाटी दुसरीकडे जाते.

याहून बोलके उदाहरण गिरणगावाचे. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. त्या संपानंतर मालकांनी आणि सरकारांनी मिळून मुंबईच्या कापडधंद्याचे काय केले हे सांगण्याची आवश्यकता नाही. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज देशभर नाव झालेला मॉल आहे. धुराडे शोभेसाठी ठेवले आहे. गिरणीचे फाटक म्हणजे नुसते लोखंड नव्हते. पाळी सुटताना तेथे गेट मीटिंग होई, पत्रके वाटली जात, वर्गणी गोळा होई, माणूस माणसाला कामगार म्हणून भेटे. ती कामगारांची देवडी होती. आज त्याच जागी पिशव्या तपासून आत सोडले जाते. आणि पत्रक वाटणारा कोणी दिसलाच तर पहारेकरी त्याला किती मिनिटांत बाहेर काढतील याची कल्पना कोणीही करावी.

ही उदाहरणे वेगवेगळ्या मालकांची आहेत. एक सरंजामी, एक मक्तेदार, एक गिरणीमालक. पण वहिवाट एकच. आता केंद्र सरकारही त्याच वाटेने चालले आहे. २०१७ मध्ये ‘वारसा दत्तक घ्या’ योजना आली आणि २०१८ मध्ये दिल्लीचा लाल किल्ला पाच वर्षांसाठी २५ कोटी रुपयांच्या कराराने दालमिया भारत या सिमेंटच्या कंपनीकडे सोयीसुविधांसाठी सोपविण्यात आला. ऑगस्ट २०२१ मध्ये सहा लाख कोटी रुपयांची सार्वजनिक मालमत्ता ‘रोखीकरणा’साठी काढण्यात आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जयपूरचा विमानतळ अदानी समूहाच्या ताब्यात गेला. दत्तक या शब्दाचा असा विपर्यास मराठी संसारात कधी ऐकला नव्हता. मूल दत्तक जाते ते नाव आणि आधार मिळावा म्हणून, भाड्याने लावण्यासाठी नव्हे.

आक्षेपांचा विचार

यावर काही प्रामाणिक माणसे आम्हाला विचारतात: ‘मग काय, इमारती पडू द्यावयाच्या? कुलूप लावलेल्या वास्तूला वाळवी आणि कबुतरेच लाभतात. सरकारकडे पैसा नाही. दुकानदार निदान छप्पर तरी गळू देत नाही.’ हा आक्षेप झिडकारण्याजोगा नाही. रिकाम्या वास्तूचे रक्षण होत नाही हे खरे आहे. चुन्याचा गिलावा दर काही वर्षांनी हात मागतो. गच्चीवरचे पाणी वाहून नेणाऱ्या मोऱ्या एक पावसाळा तुंबल्या तरी भिंतीला ओल धरते. वास्तू वापरात राहिली पाहिजे हे आम्हालाही मान्य आहे.

पण ‘पैसा नाही’ हे उत्तर कोणत्या खात्यातून येते ते पाहावे. कंपन्यांना करांत सूट देण्यास पैसा असतो, विमानतळापर्यंत रस्ते रुंद करण्यास असतो. आणि ज्या हवामहलापुढे जगभरचे प्रवासी उभे राहून छायाचित्रे काढतात, त्या परिसरातील एक सभागृह नीट ठेवण्यास मात्र नसतो? हवामहलासमोरच्या इमारतींच्या गच्च्यांवर चहाघरे चालतात आणि चहाच्या किमतीत समोरचे दृश्यही विकले जाते. दृश्य जनतेचे, गल्ला खाजगी. या गल्ल्याचा वाजवी हिस्सा वास्तूंच्या देखभालीकडे वळविणे हे कोणत्याही प्रामाणिक नगरपालिकेला अशक्य नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. ‘जयपूर हे तर व्यापाऱ्यांसाठीच वसविलेले शहर. त्याच्या वास्तूत दुकान आले तर बिघडले कोठे?’ यातील पूर्वार्ध बरोबर आहे. १७२७ मध्ये सवाई जयसिंहाने हे नगर वसविले तेव्हा दूरदूरच्या व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना बोलावून घेतले. नऊ चौकड्यांच्या आराखड्यात बाजारपेठा हा कणा होता. सरळ रस्ते, दुतर्फा एकसारखी दुकाने. २०१९ मध्ये युनेस्कोने जयपूरला जागतिक वारशाचा मान दिला तो या नगररचनेच्या आणि जित्या व्यापारी परंपरेच्या बळावरच. आम्ही बाजाराचे वैरी नाही.

परंतु त्या जुन्या बाजाराची रचना बारकाईने पाहिली तर उत्तर तिथेच सापडते. मुख्य रस्त्याला दुकान आणि त्याच्या पाठीमागच्या गल्लीत कारागीर: मणिहारांच्या रस्त्यात लाखेच्या बांगड्या, ठठेरांच्या रस्त्यात तांब्यापितळेची भांडी, खजानेवाल्यांच्या रस्त्यात संगमरवरी मूर्ती. करणारा आणि विकणारा हाकेच्या अंतरावर होते. शोषण तेव्हाही होते, दलालही होते; पण शहराच्या बाजारात शहराचा हात दिसत होता. आज जे दुकान जुन्या कचेरीच्या देवडीत येऊ पाहते, त्याचा माल, नफा आणि मालक यांतील काहीही त्या शहराचे असेलच असे नाही. आणि ज्या हातगाडीवाल्याने, फेरीवाल्याने पिढ्यान्‌पिढ्या याच बाजारात पोट भरले, त्याला मात्र ‘वारशाच्या सौंदर्याला बाधक’ म्हणून हटविले जाते. २०१४ च्या कायद्याने पथविक्रेत्यांना संरक्षण दिले. तरी सौंदर्यीकरणाचा पहिला दंडुका त्यांच्यावरच पडतो. दहा रुपयांचा माल विकणारा अतिक्रमण करतो, आणि दहा हजारांचा विकणारा पुनरुज्जीवन करतो, हा न्याय कोणत्या वर्गाचा आहे हे वेगळे सांगावयास नको.

गिलाव्यामागचे हात

वारशाच्या चर्चेत राजांची नावे येतात, वास्तुविशारदांची येतात. मजुरांची येत नाहीत. जयपूरच्या भिंतींवर आरशासारखा गुळगुळीत दिसणारा ‘अराईश’ हा चुन्याचा गिलावा करणे हे मोठे कसब आहे. चुना मुरवावा लागतो, थरांवर थर द्यावे लागतात, अकीकाच्या गोट्याने घोटून त्याला चकाकी आणावी लागते. हे ज्ञान पुस्तकांतून आलेले नाही. ते घराण्याघराण्यांतून, हातातून हातात आले आहे. जीर्णोद्धाराच्या कामात आज हे हात ठेकेदाराच्या हाताखाली रोजंदारीवर असतात. काम संपले की त्यांची नावे कोठेही राहत नाहीत आणि ज्या देवडीला त्यांनी झळाळी दिली तिच्यात पाऊल टाकण्याचे धैर्य त्यांना होत नाही.

दगड घडविणाऱ्यांची दशा याहून वाईट. राजस्थानच्या खाणींतील आणि घडाईच्या कामातील धुळीने हजारो मजुरांची फुप्फुसे निकामी केली. सिलिकोसिसचा हा प्रश्न इतका उग्र झाला की मजुरांच्या संघटनांच्या दीर्घ रेट्यानंतर २०१९ मध्ये राज्य सरकारला त्यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर करावे लागले. जुन्या वास्तूचे सौंदर्य पाहताना आपण श्वास रोखतो असे म्हणतात. ज्यांचा श्वास खरोखरच रोखला गेला, त्यांची आठवण ठेवल्याशिवाय वारशाविषयी बोलण्याचा नैतिक अधिकार कोणालाही पोचत नाही.

तिसरा दावेदार

तेव्हा या खटल्यात न्यायालयासमोर नसलेला एक तिसरा दावेदार आहे. तो म्हणजे जनता. तिच्या बाजूने काही गोष्टी स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, खटल्याचा शेवट काहीही होवो, जेथे लोकनियुक्त विधानसभा पन्नास वर्षांच्या आसपास भरली ते सभागृह खाजगी नफ्याचे साधन होता कामा नये. मोबदल्याचा प्रश्न उद्भवला तरी तो वास्तूच्या मालकीच्या प्रश्नावर मात करू शकत नाही. दुसरी गोष्ट, तेथे संग्रहालय व्हावयाचे असेल तर ते केवळ तलवारी, पालख्या आणि पोशाखांचे नसावे; तसली संग्रहालये जयपुरात आहेत. येथे राजस्थानातील लोकशाहीचा इतिहास मांडला जावा: बिजोलियाचा शेतकरी लढा, शेखावाटीतील कुळांचे बलिदान, प्रजामंडळाचा झगडा, जागीरदारी नष्ट होण्याची कहाणी आणि ब्यावरला १९९६ मध्ये चाळीस दिवस धरणे धरून सरकारी खर्चाचा हिशेब मागणाऱ्या कष्टकऱ्यांची गोष्ट. ज्या चळवळीतून देशाला माहितीचा अधिकार मिळाला, तिची आठवण विधानसभेच्या जुन्या भिंतींत नसावी तर कोठे असावी?

तिसरी गोष्ट दुकानांची. प्रवेशाच्या दालनात काही विक्री व्हावयाची असेल तर ती जागा लिलावात सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला देऊ नये. सांगानेरचे छापकाम करणारे, लाखेच्या बांगड्या घडविणारे, निळी मृत्पात्रे करणारे यांच्या सहकारी संस्थांना ती माफक भाड्याने द्यावी. १८८३ मध्ये याच महालात कारागिरांच्या वस्तू मांडल्या गेल्या होत्या. तेव्हा ते दरबाराचे प्रदर्शन होते, आता ते कारागिरांच्या स्वतःच्या मालकीचे व्हावे. हे स्वप्नरंजन नाही. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करावयास घेतली तेव्हा कॉम्रेड ए. के. गोपालन यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी १९५७-५८ पासून सहकारी संस्था काढून ‘इंडियन कॉफी हाऊस’ स्वतः चालविले. मोठमोठ्या शहरांत मोक्याच्या जागी, माफक दरात, कोणालाही न उठविता ती उपाहारगृहे पिढ्यान्‌पिढ्या चालली. जयपूरकरांनाही ती परिचित आहेत. एका कपावर दोन तास बसून जगाचे राजकारण बोलण्याची मुभा ज्या टेबलाने दिली, ते टेबलही एक प्रकारची देवडीच होते.

चौथी गोष्ट, देवडीत प्रवेश विनामूल्य असावा. आतल्या दालनांना तिकीट असले तर समजू शकते. पण उन्हातून आलेल्या माणसाला सावलीत बसण्यासाठी, पाणी पिण्यासाठी, चार शब्द वाचण्यासाठी पाकीट उघडावे लागू नये. याच शहरात चार्ल्स कोरिया या मुंबईच्या वास्तुविशारदाने जयसिंहाच्या नऊ चौकड्यांचीच कल्पना घेऊन जवाहर कला केंद्र उभारले. जुन्या नगररचनेचा आधार घेऊन लोकांसाठी नवी वास्तू उभी करता येते हे त्याने दाखवून दिले आहे. आणि शेवटची गोष्ट, दुरुस्तीचे करार, भाडेपट्टे आणि मजुरीचे दर यांचे कागद त्या इमारतीच्याच भिंतीवर हिंदीत लावले जावेत. जनतेचा पैसा, जनतेची वास्तू, तर हिशेबही जनतेच्या भाषेत हवा.

या मागण्या आपोआप मान्य होतील असा भ्रम कोणी बाळगू नये. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये सीकरच्या शेतकऱ्यांनी तेरा दिवस ठाण मांडून राज्य सरकारला कर्जमाफीसाठी वाकविले. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून निघालेले हजारो आदिवासी शेतकरी रक्ताळलेल्या पायांनी मुंबईत पोचले, तेव्हा महानगरातील सामान्य माणसांनी पाणी आणि चपला घेऊन त्यांचे स्वागत केले. ही माणसे कोठे चालली होती? विधानसभेच्या दाराकडे. अजून आपल्या लोकांचा विश्वास आहे की या देशात एक दार असे आहे जे ठोठावण्याचा आपल्याला हक्क आहे. ज्या दिवशी अशी सारी दारे काचेच्या दुकानदारांकडे जातील, त्या दिवशी हक्क मागणाऱ्याला विचारले जाईल, ‘तुमच्याजवळ पैसे किती आहेत?’

जयपूरच्या जुन्या विधानसभेची देवडी त्या अर्थाने एकट्या जयपूरची नाही. ती मुंबईच्या कोटात आहे, गिरणगावात आहे, उद्या आपल्या तालुक्याच्या जुन्या कचेरीतही असेल. तिच्यावर हक्क सांगणारे राजे गेले. त्यांच्या जागी भाडेकरू येऊ पाहत आहेत. तिचा खरा धनी मात्र अजून उन्हात, बाहेरच्या फरसबंदीवर उभा आहे. त्याला आत आणणे हे आपल्या चळवळीचे काम आहे.